सरकार पक्षाची धाकटी खुर्ची

सरकारी वकिलाकडे किस्से साठतात ते जप्तीच्या मालासारखे. पोलीस वस्तू जप्त करतात, कोर्टाच्या मागच्या खोलीत आणून ठेवतात. केस संपते, निकाल लागतो, आरोपी घरी जातो नाहीतर जेलमध्ये जातो, पण ती सायकल, ती छत्री, तो मिक्सर न्यायला कोणी येतच नाही. सगळं वर्षानुवर्षं तिथेच. माझ्या डोक्यात तशीच एक खोली आहे आणि तिच्यातलं बहुतेक सामान परळच्या बाजूचं आहे.

आता माझी बदली झाली आहे. मुंबईपासून पुष्कळ लांब, तालुक्याचं छोटं कोर्ट. इमारत नवी, खुर्ची फिरती, खिडकीबाहेर चिंच. काम दुपारीच संपतं. शिपाई एकेक दार लावायला लागतो आणि मी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे करत बसते. कोणाशी तरी बोलावंसं वाटतं. कोणाशी म्हणजे, त्याच लोकांशी. ते इथे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

* * *

मी मूळची लालबागची. वकील झाल्यावर काही वर्षं गिरगावात एका फौजदारी वकिलांकडे ज्युनियर होते. ते आरोपींची कामं घ्यायचे. म्हणजे माझं सगळं शिक्षण ‘साहेब, माझा अशील निर्दोष आहे’ ह्या एका वाक्यावर झालेलं. मग सरकारी वकिलाची परीक्षा दिली, पास झाले आणि थेट समोरच्या बाजूला गेले. चोरी, मारामारी, फसवणूक, असल्या ज्या केसेस पोलीस कोर्टात आणतात, त्या पुढे चालवायचं काम आता माझं.

नवीन माणसाला आधी कुणा अनुभवी सरकारी वकिलाच्या शेजारी बसवतात. मला परळच्या बाजूच्या कोर्टात धैर्यवान मॅडमच्या शेजारी बसवलं. त्यांची खुर्ची मोठी, हातांची. माझ्यासाठी स्टोअरमधून एक बिनहातांची, जरा बुटकी खुर्ची आणली. तिच्यात बसलं की टेबल माझ्या गळ्याशी यायचं.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, “हा जामिनाचा अर्ज तू बघ. सोपा आहे. उठायचं, विरोध करायचा, बसायचं.”

मी उठले. समोर दंडाधिकारी साहेब. डाव्या हाताला पिंजऱ्यात आरोपी, माझ्याच वयाचा, चेहरा उतरलेला. त्याच्याकडे बघितलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “साहेब, आरोपी घरातला एकटा कमावता आहे. आई आजारी आहे. पळून जायची शक्यता नाही. जामीन मंजूर व्हावा.”

आरोपीचे वकील होते कुडाळकर. आमच्या कोर्टात रोज असायचे. ते सावकाश उठले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, “साहेब, सरकार पक्षाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मला आणखी काही बोलायचं नाही.” आणि बसले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “परब मॅडम, आजपासून तुम्ही सरकार आहात. जरा सवय करून घ्या.”

मी त्या बुटक्या खुर्चीत आणखी खाली गेले. मॅडमनी मान न वळवता हळूच विचारलं, “त्याची आई आजारी आहे हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही मॅडम. सगळ्यांचीच असते.”

त्याला जामीन मिळाला. तसाही मिळालाच असता, असं मॅडम नंतर म्हणाल्या. रात्री जेवताना घरी सांगितलं. बाबा हसून हसून खोकायला लागले. मी पान तसंच ठेवून उठत होते, तर आई म्हणाली, “सरकार झालंस म्हणान ताट कोण उचलतलो?”

तेव्हापासून घरात माझं नाव सरकार. माझा फोन आला की बाबा आतल्या खोलीत ओरडायचे, “सरकारचो फोन इलो.”

* * *

धैर्यवान मॅडम गिरगावच्या. अगदी जुन्या मुंबईकर प्रभू घरातल्या. आजोबा, पणजोबा, सगळे इथेच. मूर्ती लहान, कडक इस्त्रीची सुती साडी, वर काळा कोट, केसांना पांढरी कड. आवाज कधी चढवायच्या नाहीत. उलट राग आला की आणखी हळू बोलायच्या आणि मग समोरच्या वकिलाला पुढे वाकून ऐकावं लागायचं. वाकला की तो अर्धा हरलेलाच असायचा.

त्यांचा डबा कोर्टात प्रसिद्ध होता. आठवड्यातून एकदा कोळंबीचं भानोलं असायचं, म्हणजे कोबीत कोळंबी घालून भाजलेलं, वरून खरपूस, वड्या पाडलेलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत गर्दी. कुडाळकर तर कोणी बोलवायची वाट बघत नसत. सकाळभर मॅडमशी वाद घालायचे आणि दीड वाजला की स्वतःचा चमचा घेऊन हजर.

एकदा असंच झालं. सकाळी एका जामिनावर दोघांची चांगलीच जुंपली होती. निकाल दुपारनंतर होता. कुडाळकरांनी तिसरी वडी घेतली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, त्या जामिनाला एवढा विरोध कशाला? साधा माणूस आहे.”

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. “कुडाळकर, भानोलं खाल्लं म्हणून जामीन मिळत नाही.”

“मग नाही खाल्लं तर मिळेल?”

“नाही खाल्लं तर भूक लागेल. घ्या, अजून एक आहे.”

दुपारी जामीन नामंजूर झाला. पुढच्या आठवड्यात कुडाळकर पुन्हा चमचा घेऊन आले. मी गिरगावात ज्युनियर असताना समोरच्या वकिलाशी जिन्यातसुद्धा बोलायचं नाही, असं शिकले होते. इथे मी हे बघत बसायचे आणि मला फार बरं वाटायचं.

शिकवायच्या अशा त्या कधी बसल्या नाहीत. जाता जाता एखादं वाक्य टाकायच्या. “साक्षीदाराला आधी नीट उभा राहू दे. घाबरलेला माणूस खरंसुद्धा खोट्यासारखं सांगतो.” किंवा, “तुला वाटतं तेवढा मोठा प्रश्न विचारू नकोस. निम्मा विचार.” हे दुसरं मी अजून शिकतेच आहे.

* * *

हिराबाई माझगावच्या कोळीवाड्यातल्या. दादरच्या बाजाराबाहेर मासळीची पाटी घेऊन बसायच्या. एका सकाळी एक दारुड्या त्यांची पापलेटची पाटीच उचलून पळाला. नाक्यावर पोलिसांनी धरला. पाटी जप्त, पंचनामा झाला, केस आमच्या कोर्टात.

केस उभी राहिली तोवर वर्ष उलटून गेलं होतं. हवालदार शेलार साक्षीला आले. पंचनाम्यात पापलेटांचा आकार, रंग, सगळं झकास लिहिलेलं. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, “माल कुठे आहे?”

“साहेब, नाशवंत असल्यामुळे विल्हेवाट लावली.”

“कशी?”

शेलार हातातली टोपी फिरवायला लागले. साहेबांनी पुन्हा विचारलं, “विल्हेवाट कशी लावली, हवालदार?”

शेलारांच्या कपाळावर घाम आला. मी मॅडमकडे बघितलं. त्या कागदात डोकं घालून बसलेल्या. आता हवालदार काय सांगणार आणि त्यांच्या नोकरीचं काय होणार, ह्या काळजीने मलाच घाम फुटला. तेवढ्यात मागच्या बाकावरून हिराबाई उठल्या.

“आरं सांग ना त्याला. घाबरतंस कशाला? मीच तं साफ करून दिली व्हती.”

साहेबांनी चष्मा वर केला. “तुम्ही?”

“मंग? चौकीवरची चार पोरं सकाळपासून उपाशी, माझ्या पाटीमागं धावली. मासली काय तशीच कुजवायची? मीच बोलले, खा.” मग जरा थांबून साहेबांनाच म्हणाल्या, “तू व्हता का तितं? असतास तं तुलाबी दिली असती.”

कोळणींच्या तोंडी सगळ्यांना ‘तू’, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी फक्त मॅडमना विचारलं, “हे मी कसं लिहू?”

मॅडम उठल्या आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, तक्रारदाराच्या संमतीने माल नष्ट करण्यात आला, असं लिहावं.”

दारुड्याला शिक्षा झाली. शेलारांची नोकरी राहिली. त्यानंतर मी दादरला गेले की हिराबाई मला हाक मारून मासे द्यायच्या आणि शेजारच्या कोळणीला सांगायच्या, “ही आपली सरकार हाय.” इथे तालुक्याला बाजार आठवड्यातून एकदा भरतो. मासे येतात, पण बर्फातले. आणि हाक मारणारं कोणी नसतं.

* * *

सगळेच किस्से असे हसत संपले नाहीत.

आमच्या चाळीत नाना राहायचे, आमच्यापासून दोन खोल्या सोडून. मी पाळण्यात होते तेव्हापासूनचे शेजारी. शाळेत असताना माझी सायकल त्यांनीच मागून धरून शिकवली. आमच्या गल्लीत एकदा मारामारी झाली, एकाने दुसऱ्याच्या डोक्यात सळई घातली. पोलीस आले तेव्हा नाना तिथे उभे होते, म्हणून त्यांना पंच केलं. सळई त्यांच्यासमोर जप्त झाली आणि त्यांनी सही केली.

केस माझ्याकडे आली. मॅडम म्हणाल्या, “शेजारी आहेत ना तुझे? मग मी घेते.” मी म्हटलं, “नको मॅडम, मला जमेल.” मला वाटलं, नाना आहेत, सरळ सांगतील.

नाना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. माझ्याकडे बघेनात. मी विचारलं, “ही सळई तुमच्यासमोर जप्त झाली का?”

“नाही. मी काही बघितलं नाही. पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली.”

साक्षीदार उलटला की सरकारी वकिलाला त्याचीच उलटतपासणी घ्यावी लागते. मी घेतली. कुठे उभे होता, कोणाशी बोलत होता, सही तुमचीच ना, मग न वाचता कशी केली, आरोपीचा भाऊ तुम्हाला भेटला की नाही. माझा आवाज चढत गेला. नाना प्रत्येक प्रश्नाला मान खाली घालून “आठवत नाही” म्हणत राहिले. शेवटी साहेबच म्हणाले, “पुरे मॅडम.”

आरोपी सुटला.

संध्याकाळी घरी आले तर नाना आमच्या दारातल्या कट्ट्यावर बसलेले. आईने त्यांना चहा दिला होता. मी काही न बोलता आत जायला लागले.

“बाय, थांब गो,” ते म्हणाले. “बरा बोललंस. सगळा कोर्ट ऐकत होता. माका वाटला, आपल्या घरातला पोर बोलता.”

मी म्हटलं, “नाना, तुम्ही खोटं बोललात.”

“होय.” त्यांनी कप खाली ठेवला. “तू उद्या दुसऱ्या कोर्टात जाशीत. माका रोज त्याच गल्लीतसून दूध आणूचा आसा.”

आई आतून म्हणाली, “चाय थंड होता.” ते चहा प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. वाटलं, त्या काहीतरी बोलतील. त्यांनी हातातली फाईल बांधली. मग म्हणाल्या, “तुझ्याकडे बघून ‘बरं बोललीस’ म्हणाले ना? मग जा आणि आज त्यांच्याकडे चहा पिऊन ये.”

मी गेले. नाना आता नाहीत. त्यांची खोली विकली गेली, चाळही आता पाडणार म्हणतात. कधी कोर्टात एखादा म्हातारा साक्षीदार मान खाली घालून “आठवत नाही” म्हणाला की मी थोडी थांबते. प्रश्न विचारते, पण निम्माच.

* * *

मॅडमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या रजेवर गेल्या. मी पहिल्यांदाच मोठ्या खुर्चीत बसले. मोठी खुर्ची म्हणजे काय, टेबल बरोबर उंचीवर आलं, एवढंच.

त्याच आठवड्यात बाबूमामाला आणलं. बाबूमामा म्हणजे जुना पाकीटमार, भायखळ्याच्या भाजीबाजारात काम करणारा. ‘काम’ हा त्याचाच शब्द. पांढरे केस, स्वच्छ सदरा. पकडला जायचा, गुन्हा कबूल करायचा, थोडी शिक्षा भोगायचा, पुन्हा कामावर.

साहेबांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

बाबूमामाने टेबलाकडे बघितलं. “मॅडम कुठंयत?”

“रजेवर आहेत,” मी म्हटलं.

“बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालं.”

त्याने साहेबांना नमस्कार केला. “साहेब, गुन्हा कबूल आहे. पण मॅडम आल्यावर कबूल करीन. तोवर तारीख द्या.”

साहेब म्हणाले, “आरोपीला सरकारी वकील निवडता येत नाही.”

“निवडत नाही साहेब. पण एवढी वर्षं त्यांच्यासमोर कबूल केलंय. त्यांना न सांगता बरं दिसत नाही.”

कुडाळकर दुसऱ्या कामासाठी बसले होते, ते तोंडावर फाईल धरून हसत होते. मी मात्र थोडी दुखावले. मी पण सरकारच होते की. पण साहेबांनी तारीख दिली.

पुढच्या तारखेला मॅडम काळा चष्मा लावून आल्या. बाबूमामाचा चेहरा खुलला. त्याने गुन्हा कबूल केला, साहेबांनी शिक्षा सांगितली. पोलीस त्याला नेत होते, तेव्हा तो आमच्या टेबलाशी थांबला. “मॅडम, जपा डोळ्याला.”

मॅडमनी चष्मा जरा खाली केला. “बाबू, नवा डोळा आहे. आता तू लांबून दिसशील.”

तो त्यानंतर आमच्या कोर्टात कधी आला नाही. सुधारला, की दुसऱ्या बाजारात गेला, की आणखी काही, कळलं नाही. मॅडम दोन-तीनदा म्हणाल्या, “बाबू दिसला नाही ग बऱ्याच दिवसांत.” मी म्हटलं, “चांगलंच आहे ना मॅडम?” तर म्हणाल्या, “चांगलंच आहे,” आणि दाराकडे बघितलं.

* * *

मॅडम रिटायर झाल्या त्या दिवशी भाषणं झाली, हार झाला, सामोसे झाले. कुडाळकर उठले आणि “मॅडमशी मी कधीच सहमत नव्हतो” एवढं म्हणून खाली बसले.

संध्याकाळी सगळे पांगले. मॅडमना टॅक्सी करून द्यायची म्हणून मी थांबले होते. त्या म्हणाल्या, “एकदा कोर्टात जाऊन येऊ.”

कोर्ट रिकामं होतं. पंखे बंद, साहेबांची खुर्ची रिकामी. मला वाटलं त्या आपल्या खुर्चीपाशी जातील. त्या सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. हाताने कठडा धरला. इकडेतिकडे बघितलं.

“इतकी वर्षं सगळ्यांना इथे उभं केलं,” त्या म्हणाल्या. “इथून कसं दिसतं ते बघितलंच नव्हतं. किती उंच आहे ग साहेबांची खुर्ची.”

मग मी आपल्या जागी जाऊन उभी राहिले. “साक्षीदाराचं नाव?”

त्या हसल्या. “शरयू धैर्यवान.”

“वय?”

“लिहू नका.”

“व्यवसाय?”

बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. त्या कठड्यावरून बोट फिरवत होत्या.

“कालपर्यंत सरकार,” त्या म्हणाल्या.

मला पुढचा प्रश्न विचारायचा होता. खूप दिवसांपासून मनात होता. मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही एवढ्या हुशार. हायकोर्टात गेला असता, नाव झालं असतं. इथे का राहिलात?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारच्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

“आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “साक्षीदार फितूर झाला, असं लिही.”

आणि पिंजऱ्यातून उतरल्या. मी खाली जाऊन टॅक्सी थांबवली.

पुढे गिरगावचं घर रिकामं करून त्या मुलाकडे परदेशी गेल्या. फोन करतात. नेमक्या आमच्या जेवणाच्या सुट्टीत. तिथे तेव्हा पहाट असते, पण त्या म्हणतात, जागच येते. पहिला प्रश्न ठरलेला, “आज बोर्डावर काय काय आहे?” म्हणजे आज कोणकोणत्या केसेस आहेत. इथला बोर्ड अर्ध्या पानात संपतो. मी वाढवून सांगते. एक मारामारी घालते, एक चोरी घालते. त्या मन लावून ऐकतात आणि विचारतात, “जामिनाला विरोध केलास ना?”

* * *

आता शेवटचा. हा मॅडम परदेशी गेल्यानंतरचा, माझ्या बदलीच्या थोडा आधीचा. हा मी त्यांनाही फोनवर सांगितलेला नाही.

परळच्या एका चाळीतलं जोडपं. दोघंही साठीच्या पलीकडचे. अनंतराव छापखान्यात नोकरीला होते आणि भजनी मंडळात बुवा. गिरणगावात त्यांच्या आवाजाचं नाव होतं. सुलोचनाबाईंचं त्यांच्याशी लग्न ठरलं तेही भजन ऐकूनच, असं त्यांच्या बहिणीने मला सांगितलं. नोकरी सुटली, मंडळ मोडलं, आणि अनंतराव दारू प्यायला लागले. मग हात उचलायला लागले. एका संध्याकाळी त्यांनी बायकोला ढकललं. ती दाराच्या उंबऱ्यावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. बहिणीने तिला भायखळ्याला आपल्या घरी नेलं आणि पोलिसांत तक्रार करायला लावली. हात जुळला, पण नीट नाही. बोटं पूर्ण मिटत नव्हती.

साक्षीच्या दिवशी सुलोचनाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. निळी साडी, केस चापून बांधलेले. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात अनंतराव. दारू सुटल्यासारखे दिसत होते, अंगाने अगदी वाळलेले. त्यांच्या बाजूने कुडाळकर.

नाव, वय, पत्ता झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. हा विचारावाच लागतो. “आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही ओळखता का?”

सुलोचनाबाईंनी तिकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

कुडाळकरांचं पेन थांबलं. वाटलं, गेली, हीपण उलटली. बहीण मागच्या बाकावरून अर्धी उठली होती. मी पुन्हा विचारलं, जरा सावकाश. “बाई, नीट बघा. हे तुमचे मिस्टर ना?”

“हो, मिस्टर आहेत.”

“मग ओळखत नाही म्हणालात?”

“नाव विचारा, नाव सांगते. पत्ता विचारा, पत्ता सांगते. हात कोणी मोडला विचारा, ह्यांनीच मोडला, तेही सांगते.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, रेशनच्या दुकानात बोलावं तसा. “ओळखता का विचारलंत. पूर्वी ओळखायचे. आता नाही ओळखत.”

स्टेनोने टायपिंग थांबवून साहेबांकडे बघितलं. कुडाळकर उठले नाहीत. एरवी अशा वेळी ते टुणकन उठतात. अनंतराव कठड्याकडे बघत होते.

शेवटी साहेब म्हणाले, “जसं बोलल्या तसं लिहा. बाकीचं जेवणानंतर घेऊ.”

मी फाईल आवरून बाहेर आले. बहीण खाली खायला काही आणायला गेली होती. कॉरिडॉरच्या बाकावर सुलोचनाबाई एकट्या बसलेल्या. थोड्या अंतरावर भिंतीला टेकून अनंतराव उभे. कुडाळकर जिन्यात फोनवर. आरोपीने साक्षीदाराजवळ जायचं नसतं. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहणार, एवढ्यात सुलोचनाबाईंनी पिशवीत डावा हात घातला आणि गोळ्यांची एक पट्टी काढली.

“जेवणाआधीची घेतलीत?” त्यांनी विचारलं. अनंतरावांकडे न बघताच.

“नाही,” अनंतराव म्हणाले. “संपल्यात.”

सुलोचनाबाईंनी पट्टी बाकावर ठेवली. मग पाण्याची बाटली काढली, मांडीत धरली आणि झाकण फिरवायला लागल्या. उजव्या हाताची बोटं मिटेनात. झाकण फिरेना. एकदा, दोनदा.

मी पुढे झाले. पण माझ्याआधी अनंतराव आले. त्यांनी बाटली घेतली, झाकण उघडलं आणि बाटली परत त्यांच्या हातात दिली.

सुलोचनाबाईंनी आधी स्वतः एक घोट घेतला. मग बाटली बाकावर ठेवली, पट्टीच्या शेजारी, आणि शेजारी एक माणूस बसेल एवढ्या सरकून बसल्या.